मार्च महिन्याचे स्वेटर

आमच्या मोठ्या भावजींना कंप्युटर येतो. असं ते स्वतःच सांगतात, म्हणून आम्हाला माहीत. कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांनी टेबलामागे टांगलंय; त्यावरची धूळ मात्र नणंद पुसते.

घरचाच कारखाना, लहान मुलांच्या स्वेटरचा. मापं वयावर. दोन ते तीन वर्षांच्या मुलाला २-३, त्याच्या पुढचं ३-४. नवऱ्याला सोडून माहेरी आलेली नणंद ऑर्डरी टाइप करते आणि तिच्या फाईलवरून भावजी गळ्याची लेबलं छापून आणतात. कंप्युटरपुढच्या त्या खुर्चीमुळेच तिला या घरात मान वर करून जेवता येतं.

परवा दुकानदाराने गठ्ठेच्या गठ्ठे परत धाडले. प्रत्येक गळ्यावर '२ मार्च', नाहीतर '३ एप्रिल'. शिवणाऱ्या बायकांनी विचारलं होतं म्हणे. भावजी म्हणाले, "ती माल तयार झाल्याची तारीख." एप्रिल अजून उजाडलाही नव्हता, पण साहेबांना सांगणार कोण?

"हिनंच घोळ घातलाय," भावजींनी सासऱ्यांपुढे हात झटकले. "बाबा, उद्यापासून हिला इथे बसवू नका."

नणंद पांढरीफटक पडली. मला राग आला, आणि राग आला की मी फार गोड बोलते. आधी नणंदेला तिची फाईल साध्या नोटपॅडमध्ये दाखवायला लावली. २-३, ३-४, सगळं जागच्या जागी.

"आता तुम्ही उघडा ना भावजी. नेहमी उघडता तशी."

ते खुलले. रुबाबात माउसवर दोनदा टिचकी मारली आणि स्प्रेडशीटचा तक्ता उघडला. २ मार्च. ३ एप्रिल.

"थांबा, थांबा," म्हणत त्यांनी रकान्याचा प्रकार बदलला. आता तिथे पाच आकडी संख्या आल्या.

"एवढ्या वयाचं बाळ कुठे असतं रे?" सासऱ्यांनी विचारलं.

नणंदेला कंठ फुटला. "दादा, सांगून थकले. फाईल थेट उघडायची नाही. रिकाम्या तक्त्यात इम्पोर्ट करायची आणि मापाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करायचा. नाहीतर तक्ता आपल्या मनानं तारखा करतो आणि आत त्यांचे दिवस मोजून आकडे ठेवतो. एकदा केल्या की मूळचं परत येत नाही. चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती."

त्या चिठ्ठीची सुरळी करून भावजींनी कान कोरला होता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही सांगून टाकलं.

"ऊठ तिथून," सासरे त्यांना म्हणाले. "कात्री घे आणि लेबलं उसवायला बस. ही खुर्ची तिची."

भावजी गठ्ठ्यांत जाऊन बसले. जरा वेळाने आतून हाक आली, "अगं, ही '४ मे'वाली कुठल्या मापाची?"

"चार-पाच, दादा," नणंद म्हणाली. मग तिने नवी चिठ्ठी लिहिली आणि सर्टिफिकेटच्या काचेवर चिकटवली.