सगळ्यांची फाईल

समरकंदबाहेरच्या उबवणी केंद्रात पाऊल टाकताच दिल्फुझाला किळस आली. यंत्रातली अंडी फुटून हिरवट पाणी ठिबकत होतं. तिचे साहेब शुहरत-आका मात्र दाराबाहेर उभे राहून मजेत हिरवा चहा पीत होते. या यंत्राचा प्रोग्राम त्यांच्याच कंपनीचा. तिकडे मोठ्या माणसाला आका, म्हणजे दादा, आणि बाईला ओपा, म्हणजे ताई, म्हणायची रीत.

"एर्किननंच काहीतरी दाबलं," ते मालकीणबाईंना सांगत होते. "अडाणी माणसाच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं, मुहब्बत-ओपा."

"मी तापमान साडेसदतीसच ठेवलं होतं, ओपा," यंत्र सांभाळणारा एर्किन काकुळतीनं म्हणाला. "पडद्यावर अजूनही तेवढंच दिसतंय, बघा ना!"

"संध्याकाळपर्यंत छडा लागला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस," मुहब्बत-ओपा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून एर्किन जास्तच घाबरला.

दिल्फुझानं नाकाला रुमाल बांधून लॅपटॉप उघडला आणि तिला दुसऱ्यांदा किळस आली. तीच ती सामायिक फाईल! तापमान, भोंगा, पंखा, सगळ्यांचे आकडे तिच्यात. प्रोग्रामच्या कुठल्याही फाईलीनं यावं आणि हवा तो आकडा बदलून जावं. ऑफिसात सगळ्यांनी तिच्यात हात घातलेले, दिल्फुझानंसुद्धा. शुहरत-आकांनी भोंगा वाजतो का बघायला तापमान बेचाळीस लिहिलं होतं, मग भोंगा बंद करून तो आकडा तसाच सोडून दिला होता. यंत्र सुरू होताना हीटरच्या फाईलीनं तो आकडा import करून स्वतःकडे घेतला. मागून एर्किननं पडद्यावर साडेसदतीस टाकलं. सामायिक फाईलीत आकडा बदलला, पडद्यावर दिसला. हीटर मात्र आपल्याजवळचा बेचाळीस धरून बसला. फळ्यावरचा हिशेब मास्तरांनी पुसून नवा लिहावा आणि पोरानं वहीतला जुनाच गिरवत राहावा, तसं.

तिनं साहेबांना बाजूला घेऊन दाखवलं.

"मग ती ओळ गुपचूप बदल," ते कुजबुजले. "हीटरला दर वेळी फाईलीतच बघायला लाव. झालं! बाईंना कशाला सांगायचं?"

"आणि एर्किन?"

"त्याला दुसरीकडे काम मिळेल. एवढी नाजूक होऊ नकोस."

किती सहज म्हणाला हा माणूस! दिल्फुझाला त्याच्या शेजारी उभं राहणंही नकोसं झालं. ओळीला हात न लावता ती आत वळली.

"एर्किन-आका, तुमच्याकडे जुना पाऱ्याचा थर्मामीटर आहे का?"

"आहे की. साहेब म्हणाले होते, कॉम्प्युटर आला, आता फेकून दे."

तिनं तो यंत्रात ठेवला आणि थोड्या वेळानं मुहब्बत-ओपांच्या हाती दिला. पडद्यावर साडेसदतीस, पाऱ्यात बेचाळीस. यंत्र सुरू झालं तेव्हा फाईलीत बेचाळीसच लिहिलेलं होतं आणि हीटरनं तेच धरून ठेवलं, हेही तिनं सांगितलं.

"हा आकडा कुणी लिहिला?" ओपांनी विचारलं.

"ती सगळ्यांची फाईल आहे, ओपा," शुहरत-आका घाईनं म्हणाले. "त्यात सगळेच लिहितात. असं एकाचं नाव कसं घेणार?"

"बेचाळीस यांनी लिहिलं," दिल्फुझा म्हणाली. "आणि हीटरनं स्वतःकडे ठेवलेला आकडा माझ्यासकट कुणीच तपासला नाही. एर्किन-आकांचा यात काही दोष नाही."

ओपांनी कोपऱ्यातलं घमेलं उचलून शुहरत-आकांच्या हातात दिलं. "कप्पे रिकामे करा. एर्किन आज बसून चहा पिईल."

शुहरत-आकांनी घमेल्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं आणि घमेलं दिल्फुझापुढे धरलं. "घे गं, तू कर."

दिल्फुझानं घमेलं घेतलं. लॅपटॉप त्यांच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "हा ठेवा. उद्यापासून मी येणार नाही."

तिनं बाह्या सारल्या आणि पहिला कप्पा ओढला. हिरवं पाणी मनगटावर आलं. त्याची किळस तिला आता तेवढी वाटली नाही.