बी काढणारा आकडा

मी केसांचा आकडा बोलतोय. तर्लान परदेशातून परतली ती आईच्या अंगणात मुरंब्याचा कारखाना काढायला. गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन तिची वाट बघत असतील, असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात सापडलो मी, कपाटाच्या खणात, धुळीत. मला त्याचा आनंद झाला नाही. मी तारेचा आहे.

इराणातल्या अज़ना गावच्या बाजारात कुणीतरी मला वाकवलं, तेव्हाही दुखलं नव्हतं. वर्षभर मी मोनव्वरबाईंच्या, म्हणजे तर्लानच्या आईच्या, अंबाड्यात असायचो. आंबट चेरी पिकली की त्या मला काढून धुवायच्या, माझा बाक देठाच्या जागी खुपसायच्या आणि बी बाहेर. फळ फुटायचं नाही. मग फळं रात्रभर साखरेत, सकाळी चुलीवर. मी परत अंबाड्यात.

"केसांना मुरंब्याचा वास येतोय," त्यांचा नवरा यदुल्ला म्हणायचा.

"मग रोटीला लावून खा."

गेल्या हिवाळ्यात यदुल्ला गेला. आमच्या लोर जमातीतल्या बायकांच्या रीतीनं मोनव्वरबाईंनी केस कापून कबरीवर ठेवले. मी खणात पडलो. त्या काळे कपडे घालून भिंतीला टेकल्या. दोघांचं सारखंच चाललं होतं.

अंगणात चेरीचा सडा पडला, तेव्हा तर्लाननं साऱ्या गल्लीला बोलावलं. शेजारची नुस्रतखाला दारातच थांबली.

"पोरी, या घराचं दुखवट्याचं काळं अजून उतरलेलं नाही. इथं मुरंबा शिजवायचा?"

"खाला, फळं सडताहेत."

"सडू देत. तुझ्या शाळेत एवढंही शिकवलं नाही?"

ती गेली, तशा बाकीच्याही गेल्या.

तर्लान मला घेऊन एकटीच बसली. पहिलं फळ फुटलं. दुसरंही.

"उलटा धरलायस," भिंतीकडून आवाज आला.

"मग दाखव ना, आई."

"नको."

"यंदा काहीच करणार नाहीस?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मी राहायला आलेय."

"कारखान्यासाठी आलीयस," मोनव्वरबाई म्हणाल्या. रागानं नाही. बाहेर ऊन आहे, असं म्हणावं तसं.

तर्लाननं पुढचं फळ उचललं. संध्याकाळपर्यंत बिया काढत राहिली. फळांवर साखर पसरली, पातेल्यावर कापड बांधलं.

सकाळी पातेलं रसानं भरलं होतं. दुपारी शहरातला दुकानदार मुरंब्याचा नमुना न्यायला येणार होता. नमुना आवडला, तर कारखान्याचा माल तो घेणार होता. नवीन बरण्या पुसून मांडलेल्या होत्या. तर्लाननं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईच्या काळ्या कपड्यांकडे. मग तिनं फोन केला.

"येऊ नका. यंदा मुरंबा होणार नाही."

"मग मी दुसरीकडून माल घेईन, ताई."

"घ्या."

तिनं रस गाळायला घेतला. "आई, आज गुरुवार, गेलेल्यांचा वार. बाबांच्या कबरीवर सरबत वाटू या. किती आटवायचं, तेवढं सांग."

मोनव्वरबाई भिंतीशीच बसून राहिल्या. रसाला उकळी आली, वर फेस चढला. मग त्या उठल्या, चुलीपाशी आल्या.

"आच कमी कर," त्या म्हणाल्या, आणि चमचा हातात घेतला.

दोघी कबरीवर गेल्या आहेत. मी ओट्यावर आहे, वाळल्या रसानं चिकट झालेला. मला त्याचं काही वाटत नाही. तरी परत आल्यावर कुणाला सवड झालीच, तर मला धुवा.