तीन लाटांनी धुतलेला खल

मी एक दगडी खल. ग्रीसमधल्या केऑस बेटावर, निकारेतीच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या डाव्या हाताला माझी जागा आहे. माझं बोलणं कुणाला ऐकू जाईल की नाही, ठाऊक नाही. पण येत्या द्राक्षतोडणीच्या आत कुणीतरी ऐकायला हवं.

माझा जन्म इथल्याच डोंगरातला. पाथरवटाने मला कोरलं तेव्हा माझ्या तळाला बारीक बारीक छिद्रं निघाली. तो निकारेतीच्या आईला म्हणाला, "खरबरीत आहे, पण लसूण फार सुरेख वाटला जाईल. फक्त धुताना आळस करू नका."

तिने कधी आळस केला नाही. लसूण, बकरीच्या दुधाचं चीज आणि चमचाभर मध एकत्र कुटून ती भाकरीबरोबर वाढायची. तिचा नवरा थ्रासिआस बोटं चाटत म्हणायचा, "देवांना अमृत मिळतं म्हणून त्यांची कीव येते मला."

पण माझं आणखी एक काम होतं. या बेटाची रीत अशी, की माणसाला साठ वर्षं पूर्ण झाली की त्याने फुलांचा मुकुट घालायचा, सग्यासोयऱ्यांना जेवू घालायचं आणि सगळ्यांच्या देखत हेमलॉक या झुडपाच्या विषारी रसाचा पेला प्यायचा. कुठल्याशा जुन्या वेढ्यात धान्य पुरेना, तेव्हापासूनची ही रीत. वेढा कधीच उठला, रीत मात्र उठली नाही. ती विषारी पानं घरच्या बाईने घरच्याच खलात कुटायची. माणूस गेला की खल समुद्रावर न्यायचा, तीन लाटांनी धुवायचा आणि नऊ दिवस पालथा ठेवायचा.

थ्रासिआस गावात शहाणा म्हणून प्रसिद्ध होता. संध्याकाळी चिनाराच्या झाडाखाली माणसं जमायची आणि तो त्यांना नीट कसं जगावं, मरणाला कसं भ्यायचं नाही, ते सांगायचा. तो चाळिशीत होता तेव्हा त्याचा थोरला मित्र तेलेसोन साठीचा झाला. तेलेसोन घाबरला होता. आमच्याच स्वयंपाकघरात बसून तो रडला. थ्रासिआस त्याला म्हणाला, "जन्माच्या आधी आपण नव्हतो, त्याचं कधी दुःख झालं का तुला? मग नंतर नसू, त्याचं कशाला? तू पुढे हो. माझी साठी आली की मीही हसत पिईन."

तेलेसोन प्यायला. त्याची तरुण बायको फानो विधवा झाली. आणि थ्रासिआसचं ते वाक्य गावभर झालं.

वर्षं गेली. निकारेतीची आई तापाने वारली. निकारेतीचा नवरा जहाजावर असायचा, म्हणून ती लेकीला घेऊन बापाकडे राहायला आली. मग दुष्काळाचं साल उजाडलं, विहिरी तळाला गेल्या, आणि त्याच साली थ्रासिआसची साठ वर्षं पूर्ण झाली. गावातली माणसं त्याच्याशी एकाएकी फार गोड बोलू लागली. कुणी अंजीर आणून देई, कुणी वाटेत हात हातात घेई. सगळे जाताना एकच विचारत, "मग, दिवस ठरला का?"

दिवस ठरला. निकारेतीने पानं आणली. उंदरांच्या बिळासारखा त्यांचा वास. पानांचा लगदा होईपर्यंत ती कुटत राहिली. रस गाळून पेल्यात भरला. उरलेला चोथा तिने काढला, तरी माझ्या छिद्रांत बराचसा अडकून राहिला. तो नेहमीच राहायचा. म्हणून तर समुद्र लागायचा.

अंगणात पाहुणे बसले होते. थ्रासिआस मुकुट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पेला हातात घेतला, आणि आतल्या कोनाड्यात ठेवून दिला.

"मी पिणार नाही," तो म्हणाला. "मरण लांब होतं तेव्हा मी त्याच्याबद्दल फार बोललो. आता सकाळी नात माझ्या दाढीला लोंबकळते, आणि मला अजून एक सकाळ हवीशी वाटते. मी भ्यालो असेन, असं समजा हवं तर. पण मी सुखात आहे, आणि सुखात असताना उठून जाणं हा शहाणपणा आहे, असं मला आता वाटत नाही."

कुणी ओरडलं नाही. म्हातारा कुंभार तेवढा शेजाऱ्याला म्हणाला, "साठी बुद्धी नाठी. म्हणूनच पूर्वजांनी पेला साठीला ठेवला." बाकीचे कोनाड्याकडे बघत बसून राहिले. वाट पाहत. 

शेवटी फानो उठली. "भावोजी, माझा माणूस तुमच्या शब्दावर गेला."

"होय वहिनी. तो गुन्हा माझाच."

 मग स्वतःच्या डोक्यावरची फुलं काढून तिने खाली ठेवली. "आता जगताच आहात, तर नीट जगा," असं म्हणून ती गेली. तिच्यामागे एकेक करत सगळे गेले.

निकारेती रडत होती आणि हसतही होती. तिने मला उचलून कडेवर घेतलं आणि समुद्राकडे निघाली. थ्रासिआसने दारातच अडवलं.

"कुठे चाललीस?"

"खल धुवायला."

"अगं, मेलं कोण? सुतक कुणाचं पाळतेस? मला भूक लागलीय. तुझ्या आईसारखं लसूण-चीज कर."

तिला ते पटलं. धुणं मरणानंतरचं, आणि इथे तर मरण परत गेलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं. तिने मला पदराने पुसलं आणि लसूण टाकला. बत्ता तळाशी घासू लागला. मी दगड. मी काय करणार होतो? लसणाच्या उग्र वासात तो दुसरा वास बुडून गेला.

बापाला वाढून ती बकऱ्या बांधायला मागे गेली. त्याने आवडीने खाल्लं. भांडं पुसून खाल्लं. मग त्याने पाय चोळले; हेमलॉकने आधी पायच बधिर होतात. पुन्हा चोळले. त्याचे डोळे सावकाश माझ्याकडे वळले, आणि त्याला सगळं कळलं, ते मी पाहिलं.

तो भिंतीला धरून उठला. कोनाड्यातला पेला घेतला, चुलीतल्या राखेत सगळा ओतला, वर राख सारली. मग रिकामा पेला छातीशी धरून आडवा झाला.

निकारेती आत आली ती किंचाळलीच. "बाबा, का प्यायलात? आत्ताच तर म्हणालात…"

"शब्द दिला होता ना पोरी," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "भीती नाही वाटत. खरंच. माझ्या हातानेच घेतलं, हे सगळ्यांना सांग." मग तो म्हणाला, "आणि तो खल समुद्रावर ने. तीनदा धू. आधी तेच कर."

चाळीस वर्षं तो मरणावर बोलला. मला विचाराल तर त्याचा सगळा शहाणपणा त्या राखेवर फिरलेल्या हातात होता.

पण गावाने तो हात पाहिला नाही. गाव म्हणालं, शहाण्याने शेवटी शब्द पाळला. त्याचं नाव घेऊन माणसं पेला प्यायला लागली. जे कचरायचे, त्यांना त्याचा दाखला मिळायचा. लांबलांबच्या घरांतून बायका मला मागून न्यायच्या, शहाण्याचा खल म्हणून. किती जणांसाठी मी कुटलं, त्याची मोजदाद मी सोडून दिली.

आता माझी कड फुटली आहे. निकारेती रोज मला घासते, बापाची आठवण म्हणून. येत्या द्राक्षतोडणीला तिचीही साठ वर्षं पूर्ण होतील. परवाच ती आपल्या लेकीला सांगत होती, "बाबा घाबरले नाहीत, मग मी कशाला घाबरू?" लेक खाली मान घालून ऐकत होती. पानं तिलाच कुटायची आहेत.

माणसांनो, तुम्हाला बोलता येतं. कुणीतरी निकारेतीला सांगा, लेकीच्या देखत. म्हणावं, तुझा बाप पेला प्यायला नव्हता. तुझा बाप जेवायला बसला होता.