गाव रुसलं हाये

बुलढाण्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी गजेंद्र मास्तर त्या डिसेंबरात अगदी कंटाळून गेले होते. शाळेतून येऊन चपला काढतात न काढतात तोच फोन सुरू. नाताळची कमान रस्त्यात येते, थोडी मागे घ्या, असं पालिकेचा माणूस सांगून गेला होता. शेजारच्या वकीलबाईंनी मुलाची परीक्षा आहे म्हणून गाण्यांचा स्पीकर लहान ठेवायची विनंती केली होती. एका सभासदाला त्याच्या साहेबानं नाताळच्या आदल्या दिवशीची रजा नाकारली होती. आणि मास्तरांनी काहीतरी केलंच पाहिजे, असं प्रत्येकाचं म्हणणं होतं.

त्यात एका व्हिडिओची भर पडली. कुठल्याशा श्रीमंत देशातला सुटाबुटातला एक धर्मोपदेशक गारेगार सभागृहात डोळे पुसत सांगत होता, की आमच्याकडचे दुकानदार हल्ली नाताळचं नाव घेत नाहीत, नुसत्या सुट्टीच्या शुभेच्छा देतात, आमचा छळ चालला आहे. हा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर दिवसभर फिरला. आपलं दुखणं जरा मोठं करून दाखवणारा शब्द माणसाला हवाच असतो, तो आयता हाती आला. संध्याकाळपर्यंत कमानीचा छळ झाला, स्पीकरचा झाला, रजेचाही झाला. रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. ‘धार्मिक छळाबाबत’ असं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं ठरलं आणि लिहिण्याचं काम अर्थातच मास्तरांच्या गळ्यात पडलं.

बैठक उठायच्या बेतात असताना दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिचं नाव रुखमाबाई. जळगाव जामोदच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातून ती आली होती. तिचा नवरा उकंडराव इथल्या सरकारी दवाखान्यात होता. आता यांना घरी न्या, असं डॉक्टरांनी त्या सकाळी सांगितलं होतं. त्याचा अर्थ तिला नीट कळला होता.

मास्तरांची बायको अनुपमा सगळ्यांना चहा देत होती. तिनं म्हातारीला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. गावात काय झालं, असं मास्तरांनी विचारलं.

“काही नाही भाऊ,” ती म्हणाली. “गाव रुसलं हाये आमच्यावर.”

विचारत गेले तसं एकेक बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी ही दोघं येशूचं नाव घेऊ लागली, सोबत आणखी तीन घरं होती. मागच्या दिवाळीनंतर गावात बैठक झाली. तेव्हापासून गिरणीवाला त्यांचं दळण घेत नाही. नळावर हंडा लावू देत नाहीत. शेतात निंदायला, कापूस वेचायला कोणी बोलावत नाही. ज्या घरात प्रार्थना होई, त्याच्या छपराचे टिन लोकांनी दिवसाढवळ्या काढून नेले. बाकीची घरं कोणी माघारी फिरली, कोणी गाव सोडलं. शेजारची जनकाबाई तेवढी यांचे गहू आपल्या दळणात मिसळून आणते आणि गुपचूप परसात ठेवून जाते. उकंडरावाच्या छातीला मार बसला होता. पण मारलं, असं रुखमाबाई म्हणाली नाही. “पोरायनं हात लावला,” एवढंच म्हणाली. छळ हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही.

कमिटीत मात्र एकदम जीव आला. हे निवेदनात घ्या मास्तर, चांगलं वजन येईल, असं दोघंतिघं एकदमच म्हणाले. मास्तरांनीही तिला अंगठा द्याल का म्हणून विचारलं.

“नोको भाऊ,” ती म्हणाली. “रुसलेलं मानूस कधी ना कधी बोलते. कागद वर गेला की मंग ते वैरी होते. मले तिथंच राहा लागते.”

मग ती आली होती कशासाठी? तेही तिनं सांगितलं. तिच्या माणसाला मातीत द्यायचं होतं, तशी त्याची इच्छा होती, आणि गाव पुरू देणार नव्हतं. तुमच्या दफनभूमीत एका माणसापुरती जागा मिळेल का, एवढंच तिचं मागणं होतं.

कमिटीतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. जागा फक्त सभासदांसाठी होती. बाहेरच्या कोणाला द्यायची तर त्याच्या मंडळीच्या पाळकांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, शिफारसपत्र लागतं, असा जुना नियम होता. तुमच्याकडून तेवढं शिफारसपत्र आणा, म्हणजे बघू, असं तिला फार गोड आवाजात सांगण्यात आलं. ज्यांच्या प्रार्थनेच्या घरावर टिन उरले नव्हते, त्यांनी पत्र कुठून आणावं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. रुखमाबाई “बरं” म्हणाली आणि उठून दवाखान्याकडे निघून गेली. ‘नाही’ ऐकायची तिला सवय झालेली होती.

घरी येऊन मास्तर निवेदन लिहायला बसले. डोकं दुखत होतं. मथळा लिहून झाला, पुढे काही सुचेना. अनुपमा समोर येऊन बसली.

“हे निवेदन कोणाच्या विरोधात आहे हो?” तिनं विचारलं.

“तुले माहीत नाही का?”

“माहीत आहे म्हणूनच विचारून राह्यली. त्या गावानं तिले सांगितलं, तू आमची नाहीस, इथं पुरू नको. आपण काय वेगळं सांगितलं? आपण फक्त खुर्चीवर बसवून सांगितलं.”

नियम मी केला का, असं म्हणत मास्तर चिडले. दिवसभर सगळ्यांचं ऐकायचं आणि घरी आल्यावर पुन्हा हेच. पण अनुपमा उठली नाही.

“रजा नाही भेटली, ते चुकीचंच आहे. त्याच्यासाठी भांडा, मी पण येते. पण त्याले रजा नाही भेटली असंच म्हणा. कमान सरकवा म्हटलं, त्यालेही छळ म्हणाल, तर त्या बाईसाठी कोणता शब्द ठेवला तुम्ही? उद्या ती खरंच ओरडली तरी कोणी पाहणार नाही. लोक म्हणतील, हे नेहमीच ओरडतात.”

आपण त्या बाईचं दुःख ऐकलं आणि सर्वांत आधी ते आपल्या कागदाला किती वजन देईल एवढंच पाहिलं, याची मास्तरांना विलक्षण लाज वाटली. त्यांनी कागद बाजूला सारला आणि कमिटीतल्या एकेकाला फोन लावायला घेतले. एकानं म्हटलं, आज हिला जागा दिली तर उद्या गावोगावचे येतील. “येऊ द्या,” मास्तर म्हणाले, “त्यांची शिफारस मी करतो.” वाद झाला, दोघांनी रागानं फोन ठेवले, पण शेवटी बहुतेकांनी होकार दिला. पहिल्यांदा आढेवेढे घेणाऱ्या एका म्हाताऱ्या सभासदानं तर खणायला स्वतः येतो म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी उकंडराव दवाखान्यातच गेला. मंडळीच्या माणसांनी त्याला खांदा दिला, पाळकांनी प्रार्थना केली, मूठमूठ माती पडली. रुखमाबाई रडली नाही. सगळं आटोपल्यावर तिनं मास्तरांना बाजूला बोलावलं आणि हळूच विचारलं,

“भाऊ, इथून त्याले कोणी काढनार तं नाही ना?”

मास्तरांना आधी प्रश्नच कळला नाही.

“आमच्या गावात आमच्यातल्याच किसनरावाच्या मायले त्याच्याच वावरात पुरलं होतं. सकाळी पाह्यलं तं तिले बाहीर काढून ठेवेल होतं.”

रजा न मिळालेला तो सभासदही तिथंच होता. त्यानं मान खाली घातली.

“नाही मावशी,” मास्तर कसेबसे म्हणाले. “इथून कोणी नाही काढणार.”

“मंग बरं झालं,” म्हणून ती मातीपाशी खाली बसली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

मित्रहो, आपली गैरसोय खोटी नसते. ती जरूर सांगावी, तिच्यासाठी हक्कानं भांडावंही. पण आपला धर्म कोणताही असो, तिला छळ म्हणण्याआधी जरा आजूबाजूला पाहावं. ज्याचा खरोखर छळ होतो, तो पुष्कळदा तो शब्दही वापरत नाही. तो आपल्या दाराशी येऊन फक्त थोडी जागा मागतो, आणि ती देणं आपल्या हातात असतं.