गाडीचं मागचं दार

नर्सबाईंच्या जिभेवर साखर आहे, असं मिशनमध्ये सगळे म्हणत. हट्टी पेशंट असो, रडणारं मूल असो की फुरंगटलेला अधिकारी असो, नर्सबाई शेजारी टेकल्या आणि "काय झालं रे बाळा?" म्हणाल्या, की समोरच्याचं लोणी झालंच म्हणून समजा. त्यांचे यजमान मिशनची गाडी चालवत. ते म्हणत, "मी पाय मोडून हिच्या वॉर्डात पडलो होतो. ही सुई घेऊन आली आणि म्हणाली, 'अजिबात दुखणार नाही हं.' दुखलं तर चांगलंच. पण तोवर माणूस फसला होता ना!"

"मग उठून जायचं होतं," नर्सबाई म्हणत.

"पाय मोडला होता, अगं!"

मिशनचं पथक म्हणायचं ते जवळजवळ घरचंच होतं. नर्सबाई, गाडी चालवणारे यजमान आणि पाळक असलेले धाकटे दीर. कामाच्या खोट्या आशेने फसवून आणलेल्या, विकलेल्या, कोंडून ठेवलेल्या मुली पोलिसांनी कुठे सोडवल्या, की चर्चमधला काळा फोन खणखणायचा. तेव्हा खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस नव्हते. निरोप मिळाला की औषधांची पेटी, घोंगड्या, पाव आणि दिरांची गिटार गाडीत पडायची आणि तिघं निघायची. किनाऱ्याकिनाऱ्याने, या गावातून त्या गावात. रात्री एखाद्या चर्चच्या बाकांवर पाठ टेकायची. दीर उशाला स्तोत्रांचं पुस्तक घेत आणि नर्सबाई ते काढून आपली शाल तिथे सारत. "देवाच्या शब्दांवर घोरू नका, भाऊजी."

त्या दिवशीचा फोन एका बंदरातून आला होता. तिथे कोळंबी सोलायची शेड होती. पत्र्याची लांब टेबलं, बर्फाची खोकी आणि मापाचे नसलेले रबरी बूट घालून पहाटेपासून उभ्या असलेल्या मुली. निजायला वरचा माळा, आणि माळ्याच्या जिन्याला बाहेरून कुलूप. पोलिसांनी ते सकाळी तोडलं, ठेकेदाराला धरलं आणि मुलींना सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका शाळेत आणून बसवलं.

नर्सबाईंनी वर्गातल्या बुटक्या बाकांवर पेटी उघडली आणि एकेकीचे हात हातात घेतले. बर्फाच्या पाण्याने बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटली होती. कोळंबीचे काटे टोचून टोचून बोटांची टोकं सुजली होती. बाई आधी प्रत्येक बोट कोरडं करत, फुंकर घालत, मग जांभळं औषध लावून मऊ पट्टी गुंडाळत. तोंडाने गोड बोलणं चालूच. त्यातली एक फार बोलकी होती, तिला सगळ्या बडबडी म्हणत. ती म्हणाली, "बाई, आता आम्ही जेवायचं कशाने? बघा, सगळ्यांच्या हातांचे बोळे झालेत!" त्यावर सगळ्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसत होत्या, हे त्यांच्या दचकण्यावरूनच कळत होतं.

दुपारपर्यंत मुली मिशनच्या घरी यायला तयार झाल्या. एक एक करून गाडीत चढल्या. एक तेवढी राहिली.

ती खिडकीपाशी भिंतीला पाठ लावून बसली होती. तिथून दारही दिसत होतं आणि रस्ताही. बाकीच्या तिला घुमी म्हणत, कारण ती कुणाशीच बोलत नसे.

पोलीसबाईंनी नर्सबाईंना बाजूला घेतलं. "तिला अठरा पूर्ण आहेत. मला जबरदस्ती करता येत नाही. संध्याकाळी ही शाळा रिकामी करून द्यायचीय. मग ती जाणार बसस्टँडवर. तिथे ठेकेदाराची माणसं घारीसारखी टपलेली असतात. उद्या दुसऱ्या बंदरात, दुसऱ्या शेडमध्ये असेल. काय करायचं ते आता तुम्हीच करा."

"तुम्ही काळजी सोडा," नर्सबाई म्हणाल्या. अशा वेळी त्यांनाच तर पुढे करत.

त्या घुमीशेजारी जाऊन बसल्या आणि तिचा पट्टी बांधायचा राहिलेला हात मांडीवर घेतला. "बाळा, आमचं घर टेकडीवर आहे. हवा किती छान! प्रत्येकीला आपापला पलंग. शिलाईची मशीनं आहेत, शिकवायला बाई आहेत. पोटभर जेवण..."

"आणि रविवारी सुट्टी," घुमी म्हणाली.

नर्सबाईंचा चेहरा खुलला. "हो गं! तुला कुणी सांगितलं?"

"आणि महिन्याला घरी पत्र. आणि मला मावशी म्हण, आईच समज."

नर्सबाईंचं हसू तिथेच थिजलं. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं, ते हेच.

"आम्हाला इथे जिने आणलं ना, तिने सांगितलं होतं," घुमी खाली बघत म्हणाली. "फार गोड बोलायची. तुमच्यासारखीच. माझी वेणीसुद्धा घालून दिली तिने. देवाचं नाव तोंडात. आईने तर तिला घरातली सगळी अंडी दिली बांधून."

नर्सबाईंना कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं झालं. इतकी वर्षं त्या आणि त्या बायका एकाच विहिरीचं पाणी भरत होत्या की काय! तोच पलंग, तीच मशीनं, तोच रविवार. रागवावं तर कुणावर? पोरीचं तर काही चुकलं नव्हतं. मग त्या नुसतीच पट्टी बांधत राहिल्या. एक बोट, दुसरं बोट.

एवढ्यात यजमान लंगडत आत आले. "अगं, निघायचं की नाही? गाडीत पोरी उकडून निघाल्यात. घरी पोचलो तरी अंघोळीचे वांधेच. तो पंप काही दुरुस्त झालेला नसणार. आणि स्वयंपाकीणबाई भांडून गेल्यात, म्हणजे पुन्हा भाऊच्या हातचं सूप. देवा, तूच वाचव!"

"अहो, गप्प बसा ना!" नर्सबाई कळवळून म्हणाल्या. "कुठे काय बोलावं..."

पण घुमीने मान वर केली होती. "कसला पंप?"

'काही नाही गं' हे शब्द नर्सबाईंनी गिळले. "पाण्याचा. बिघडलाय. टेकडीखालून बादल्यांनी पाणी आणावं लागतं."

"कोण आणतं?"

"सगळ्याच. हात बरे झाले की तूही आणशील. वरपर्यंत येता येता जीव मेटाकुटीला येतो."

"आणि मशीनं?"

"आहेत, पण निम्मी बंद. चालू मशीनवरून रोज भांडणं होतात. मागच्या महिन्यात एकीने दुसरीची वेणी ओढली. शिकवणाऱ्या बाई चिडक्या आहेत. पत्राला उत्तर येईलच असं नाही. काहींच्या घरून येत नाही."

यजमान तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं बोलताना त्यांनी तिला कधी ऐकलं नव्हतं.

घुमीने खिडकीतून गाडीकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि गाडीचं मागचं दार?"

"त्याचं काय?"

"ते आतून उघडत नाही. मी इथून बघितलं. सगळ्या चढल्या, बडबडी उघड्या दाराला आतून कडी चाचपत होती, आणि तुमच्या पाळकांनी बाहेरून दार लावून टाकलं. आतून कडीच नाहीये." तिने हात सोडवून घेतला. "तिच्या गाडीलाही नव्हती."

गाडी पूर्वी एका बेकरीची होती. पाळकांनी ती स्वस्तात मिळवली, तिला वर छपराशी हवेपुरत्या खिडक्या पाडून घेतल्या, पांढरा रंग दिला, तिच्यासाठी आभाराची प्रार्थनासुद्धा केली. "पावांना कुठे मधेच उतरायचं..." यजमान सवयीने म्हणायला गेले, पण शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. इतक्या मुली त्या दारातून आत गेल्या होत्या. कुणी काही बोललं नव्हतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून नर्सबाई कायम पुढेच बसत.

"तू पुढे बस," नर्सबाई उठत म्हणाल्या. "पुढचं दार दोन्हीकडून उघडतं. आधी उघडून बघ, मग बस. मी आणि भाऊजी मागे बसतो."

"तुझे गुडघे?" यजमान म्हणाले.

"माझे गुडघे मी बघेन."

घुमीचा विश्वास बसेना. "आणि मी मधेच उतरले तर?"

'तू नाही उतरणार, बाळा,' असं म्हणणं किती सोपं होतं! "तर उतरशील," नर्सबाई म्हणाल्या. "मला तर आतून काही करता यायचं नाही. आणि यांचा पाय बघतेसच. अहो, ही थांबा म्हणाली तर थांबायचं आणि जागचं हलायचं नाही. ऐकलंत?"

"ऐकलं," यजमान म्हणाले. "न ऐकून सांगतो कुणाला!"

घुमीने पुढचं दार कोपराने उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग ती बसली.

मागे पिठाचा जुनाट वास होता. गाडी निघाली तसा नर्सबाईंचा हात आपोआप दाराकडे गेला. तिथे गार, सपाट पत्रा लागला. त्यांनी हात पुन्हा वरखाली फिरवून बघितला.

"घाबरू नका, बाई," बडबडी समोरून म्हणाली. "सवय होते."

नर्सबाई तिच्याकडे बघू शकल्या नाहीत.

ड्रायव्हरच्या मागे एक छोटी काच होती. त्यातून यजमानांचं टक्कल दिसत होतं आणि शेजारी घुमीची वेणी. गाव संपलं, बंदराचा वास मागे पडला, मोकळं रान लागलं. आणि मग घुमीचा आवाज आला, "थांबवा."

गाडी थांबली. पुढचं दार वाजलं. काचेतून आता टक्कल तेवढं दिसत होतं. खडीवरून पावलं दूर गेली आणि मग ऐकूच येईनाशी झाली. त्याच रस्त्याने एक बस आली. तिचा वेग कमी झाल्याचं ऐकू आलं, भोंगा वाजला, मग ती पुन्हा घरघरत निघून गेली. बंदराकडे.

"हे प्रभो, दयाळा पित्या..." पाळकांनी मोठ्याने सुरुवात केली.

"मनात, भाऊजी."

काचेपलीकडे टक्कल जराही हललं नव्हतं. नुसते कान लाल झाले होते. नर्सबाईंनी डोळे मिटले. हाक मारावी असं फार वाटत होतं. त्यांच्या हाकेला कुणी नाही म्हणालं नव्हतं कधी. त्यांनी पदर तोंडात धरला आणि हाक आतच राहू दिली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बाहेर दाराशी खुडबुड झाली. कडी सरकेना. कुणीतरी धडपडत होतं. पट्ट्यांमधली बोटं कडीवरून घसरत असणार. शेवटी धाडकन आवाज झाला, दार उघडलं आणि सगळा उजेड एकदम आत आला.

घुमी कोपर चोळत उभी होती. "उतरा, बाई. पाय आखडले असतील."

नर्सबाई उतरल्या, म्हणजे पाळकांनी वरून आणि घुमीने खालून धरून त्यांना उतरवलं. कुठे गेली होतीस, असं त्यांनी विचारलं नाही. घुमीनेच सांगितलं. "वळणापर्यंत गेले होते. कुणी मागे येतंय का बघायला."

"मग?"

"कुणी नाही आलं." तिने नाक ओढलं. "बसवाला म्हणाला चढ. मी म्हटलं, माझी माणसं गाडीत कोंडलीत, त्यांना आधी काढते."

नर्सबाईंना तिला जवळ घ्यायचं होतं, पण त्यांनी घेतलं नाही. तिच्या कपाळावर चिकटलेली केसांची बट तेवढी बाजूला केली. घुमीने ती करू दिली.

बाकीच्या मुलीही खाली उतरून रस्त्याच्या कडेला हातपाय ताणत होत्या. निघायची वेळ आली तेव्हा घुमी पुढे जाईना. ती मागच्या दारापाशीच उभी राहिली. "हे असं लावायचं नाही," ती म्हणाली. "तुमच्या पेटीत पट्टी आहे ना? तिने बांधा."

"अगं खरंच की!" पाळक म्हणाले. "इतकी साधी गोष्ट, वहिनी..."

"राहू द्या, भाऊजी. आपण दोघं किती हुशार ते कळलं आज."

नर्सबाईंनी रुंद पट्टी काढली, ती दुहेरी करून दाराच्या कडीतून ओवली आणि टोकं फटीतून आत बाकापाशी घेतली. घुमी आत चढून त्यांच्याशेजारी बाकावर बसली होती आणि डोळ्यांत तेल घालून बघत होती.

"गाठ आतून मारा, बाई. आणि सुरगाठ. ओढली की सुटेल अशी."

गाठ आतून बसली. घुमीने दोन पट्टीबंद तळव्यांच्या चिमटीत टोक धरलं, ओढून सोडवलं, आणि बाईंना पुन्हा बांधायला लावलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा तिने नुसतं टोक धरून ठेवलं.

गाडी निघाली. फट राहिलेलं दार प्रत्येक खड्ड्याला आपटत होतं, धूळ आत येत होती.

"अगं, दार वाजतंय!" पुढून यजमान ओरडले.

नर्सबाई काही बोलणार, तोच शेजारून घुमी ओरडली, "वाजू दे!"