बाकाखालचा पाटा

रोह्याजवळच्या एका वाडीतून खाली येणाऱ्या रस्त्यावर, ओढ्यालगतच्या डाव्या वळणावर, एका हिवाळ्यात माझे स्टिअरिंग तीनदा अडकले. तिन्ही वेळा माझ्यात माणसे होती. त्याआधी भाद्रपदात वाडीतल्या गणपतीच्या मूर्ती विसर्जनाला घेऊन मी त्याच वळणावरून कितीतरी वेळा उतरले होते. तेव्हा ते एकदाही अडकले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझी पुढची दोन्ही चाके एकाच जाड, सरळ आसाला जोडलेली आहेत. पोलादी पाट्यांच्या दोन कमानी माझे वजन त्या आसावर तोलून धरतात. चालकाने हातातले चाक फिरवले, की सांगाड्याच्या खालून जाणारी एक लांब दांडी पुढची चाके वळवते. माझी रचना एवढी साधी आहे. तिच्यात भुताखेताला बसायला जागा नाही.

माझे मालक सॅमसन रोह्याजवळच्या वरसे गावात राहतात. त्यांचे बहुतेक बेने इस्राएली, म्हणजे कोकणी ज्यू, नातलग केव्हाच इस्रायलला गेले; ते आणि त्यांच्या पत्नी सारा येथेच राहिले. शनिवारी त्यांना विश्रांती आणि म्हणून मलाही. इतर दिवशी मी वाडीतली माणसे रोह्याच्या बाजारात नेते आणि सणाच्या आधी पेणच्या कारखान्यांतून मूर्ती आणते.

मूर्ती आणणे नाजूक काम असते. कडक कमानींच्या गाडीत हादऱ्याने गणपतीची बोटे तुटतात. म्हणून आमच्याकडचे चालक श्रावणात पुढच्या आणि मागच्या कमानींतला एकेक पाटा काढून गाडी मऊ करतात आणि विसर्जनानंतर पाटे परत बसवतात. त्या वर्षी विसर्जन झाले, आणि दुसऱ्याच दिवशी भाजीची टोपली घेऊन वाडीतल्या सीताबाई माझ्या बाकावर बसल्या.

"अगो बाई! गादीवर बसल्यागत वाटतंय," त्या म्हणाल्या. "सॅमसनभाऊ, आता आशीच ठेवा."

सगळ्यांनी माझे कौतुक केले. सॅमसन सुखावले. पाटे माझ्याच मागच्या बाकाखाली पोत्यात गुंडाळून राहिले.

स्टिअरिंग तिसऱ्यांदा अडकले, तो क्षण मी विसरू शकत नाही. मी माणसांनी भरलेली होते. वळण आले, सॅमसननी ब्रेक दाबला, माझे नाक खाली गेले. त्यांनी चाक डावीकडे घेतले. ते अर्धे फिरले आणि आतून कोणी मूठ आवळावी तसे थांबले. समोर कठड्याचे दगड होते आणि दगडांपलीकडे ओढा. मागे कोणीतरी किंचाळले. सॅमसननी चाकाला दिलेला हिसका माझ्या सांगाड्यात उतरला आणि मला कळले, की मी इतकी माणसे मारू शकते. भीतीने त्यांचा पाय ब्रेकवरून निसटला. माझे नाक वर आले आणि चाक आपोआप सुटले. 'आपोआप' हा शब्द मला पटत नाही, पण त्या वेळी दुसरा सुचला नाही.

"त्या वळणावर कायतरी हाय," खाली उतरल्यावर सीताबाई म्हणाल्या. "गणपती आसला की गाडी नीट उतरतेय. आमी आसलो की अडतेय."

"म्हंजे खोट तुमच्यात हाय," सॅमसन हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

"चेष्टा नको. नारळ फोडा."

"फोडतो. पण खोबरं साराला चटणीला लागतंय."

नारळ फुटला. भीती मात्र जागची हलली नाही. रोह्यात गॅरेज चालवणाऱ्या हितेशने मला जॅकवर चढवले आणि चाके दोन्हीकडे पूर्ण फिरवली. "काका, लोण्यावानी फिरतंय. गाडीत काय नाय," तो म्हणाला आणि त्याने सॅमसनच्या हातांकडे पाहिले.

ती नजर दगडांपेक्षा वाईट होती. त्यानंतर सॅमसन अंगणात माझ्यात एकटेच बसत, चाक घट्ट धरत, सोडत, पुन्हा धरत. शेवटी त्यांनी धाटावला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्या मुलीला, दीनाला, सांगितले, "हात गेले माझे. भंगारवाल्याला बोलव."

दीनाने भंगारवाल्याआधी हितेशला बोलावले.

"तपासलीस तेव्हा चाकं कुठे होती?"

"जॅकवर. हवेत."

"आणि अडतं तेव्हा?"

हितेशने माझ्या पुढच्या चाकांकडे पाहिले. "जमिनीवर. भरलेली गाडी. ब्रेक दाबलेला."

"म्हणजे नाक खाली. मग नाक खाली करूनच बघू. पप्पा, माघी गणपतीचं बोलायला पेणला जाणारच आहात ना? रिकामी गाडी सावकाश नेऊ. आम्ही दोघं येतो."

पेणला मूर्तिकार कमळाकर यांच्या अंगणात दीनाने ओली शाडू माती मागितली आणि माझ्या खालच्या लांब दांडीला बोटभर जाड लिंपली. दांडी कशाला टेकली, तर मातीत ठसा उमटणार होता. कमळाकर म्हणाले, "आजवर माझी माती देवाला लागली. गाडीला पहिल्यांदाच!" मग कारखान्यातले कारागीर माझ्या पुढच्या बंपरवर दाटीने उभे राहिले. माझे नाक खाली गेले. इंजिन चालू होते. मी जागची हलत नव्हते, तरी मला ओढा दिसू लागला. माती कोरी राहिली, तर दोष सॅमसनच्या हातांचा ठरणार होता आणि मी भंगारात जाणार होते. ठसा उमटला, तर इतके दिवस मीच सगळ्यांना मरणाच्या काठाने नेत होते. मला दोन्हींची भीती वाटत होती.

सॅमसननी चाक डावीकडे घेतले. ते अर्धे फिरले. टक्.

"अडलं," सॅमसन म्हणाले.

हितेशने हात घालून जोर लावला. चाक त्यालाही हलले नाही.

माणसे उतरली. दीना माझ्याखाली सरपटत गेली. "पप्पा, या. बघा." मातीत षटकोनी खड्डा पडला होता, सांगाड्याच्या बोल्टावरच्या नटाचा तो नेमका ठसा होता.

कमळाकर वाकून माझ्या कमानींकडे पाहत राहिले. "पाटे माझ्या मूर्तींसाठी काढलेत ना?"

"व्हय," सॅमसन म्हणाले. "आणि बसवले नाय, कारण सगळ्यांना गादी आवडली." ते खाली बसले आणि आपल्या हातांकडे बघून तोंड झाकून रडले. मग उठून त्यांनी माझ्या बाकाखालचे पोते ओढून काढले.

पाटे बसवल्यावर तेच कारागीर बंपरवर चढले. चाक पूर्ण फिरले, आणि दांडी व नट यांच्यात बोट सहज गेले. त्या वळणावर मी अजूनही धास्तावते. पण आता नाक खाली गेले तरी चाक फिरते. सीताबाई कुरकुरतात, "पाठ मोडली गो बाई!" आणि तरीही माझ्यातच बसतात.

मित्रांनो, गाडीतून जे काढाल ते काम संपताच परत बसवा. आणि तिला तपासायचे, तर ती जशी चालते तशी, भार घालून तपासा.

कारण असे होते. कमानीत पाटा कमी असल्यामुळे दांडी आणि सांगाड्याचा नट यांच्यातले अंतर घटले होते. मूर्ती पोकळ होत्या आणि त्यांना जपत सॅमसन पायी चालल्यासारखे उतरत. ब्रेक जोरात लागत नसे. माणसे जड होती आणि ब्रेक जोरात लागे. नाक खाली गेले, की दांडी नटाला अडत होती.