जीपचा मागचा खण

लाखांदूरहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरने मला बातमी दिली. साकोलीला हमरस्त्याच्या कडेला इश्वर मिस्त्रीचे गॅरेज आहे. तिथे मी एका जीपच्या मागे गुडघ्यावर बसून लाकडाला खाच पाडत होतो. गाडी थांबली तरी मी मान वर केली नाही. माझी बायको रत्ना त्याच गाडीने माहेराहून यायची होती, पण दुसऱ्या दिवशी.

कंडक्टर उतरून माझ्याजवळ आला.

"धनीराम सुतार तुमीच ना?"

"हो."

"तुमच्या सासरहून निरोप आहे भाऊ. बाईले पान लागलं, सापाचं. धानाच्या पुंजण्याखालची पेंढी ओढाले गेली आन् हातालेच डसला. गाडीत टाकून दवाखान्यात नेऊन राहिले होते..." त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "हे गाडी आता परत जाते. बसा."

मी पटाशी खाली ठेवली आणि बसलो. ती १९७८ सालची धानकापणी होती.

तिच्या गावी पोचलो तेव्हा अंगणात तिला निजवले होते. उजवा हात सुजला होता. लोक वाट पाहत थांबले होते. अग्नी तिथेच दिला. राख सावडून मी साकोलीला परत आलो आणि घरी न जाता थेट गॅरेजला गेलो. जीप होती तशीच उभी होती.

त्या जीपचे सांगतो. ती कृष्णरावांची. पूर्वी त्यांचा लाकडाचा धंदा होता. नंतर ते नागपूरच्या, कलकत्त्याच्या पाहुण्यांना जंगल दाखवायला नेऊ लागले. तंबू ठोकून चार-चार दिवस राहायचे. लष्कराच्या लिलावातली ही जुनी जीप त्यांनी त्यासाठीच घेतली. सामान पोत्यांत भरून नेले की जंगलाच्या रस्त्यावर सगळे एक व्हायचे. तांदळात रॉकेल, रॉकेलात माती. म्हणून त्यांनी मला सांगितले, मागची बाके काढ आणि खण असलेल्या पेट्या बसव. धक्क्याने उघडणार नाहीत असे खण पाहिजेत.

मी बैलगाड्या आणि माणसे बसायच्या हलक्या रेंग्या बनवणारा सुतार. खण उघडू नयेत याची सोय मी केली. खालच्या पट्टीला टोकाशी खाच पाडली. खण आत लोटला की त्या खाचेत बसतो. काढायचा तर आधी उचलायचा, मग ओढायचा. गाडी कितीही आदळली तरी तो आपोआप बाहेर येत नाही.

पण मांडणी मी बैलगाडीची केली. गाडीत वजन मागे झाले तर गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून जड सामान पुढे भरायचे, हे माझ्या हाताला बसलेले. पाण्याचे पिंप, तांदूळ, भांडी, स्टो हे सगळे मी सीटच्या पाठीला लागून ठेवले. मागे तंबू आणि बिछाने.

पाहून यावे म्हणून इश्वरने जीप जंगलाच्या वाटेने नेली. रत्नाही आली. भाकरी बांधून घेतली होती. नाल्याजवळ थांबलो. तहान लागली होती. पाण्यापर्यंत हात पोचायला आधी बिछाने काढावे लागले, मग तंबू. सगळे चिखलात उतरवले. खण एकही उघडला नव्हता, त्यामुळे मी खुशीत होतो. रत्ना कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"पाणी इतक्या समोर काहून ठेवलं वो?"

"वजन समोर पाह्यजे," मी म्हणालो. "नाई त उलार होते."

"उलार? अन् बैल कोनते जुंपले जीपले?"

इश्वर हसत हसत चाकाला टेकला. "वहिनी, एक लाल आन् एक कबरा!"

"धनी मागं धावून राहिला आन् बैल कुठं दिसत नाई," ती म्हणाली. मीही हसलो. काय करणार.

दुसऱ्या दिवशी तिने घरची भांडी अंगणात मांडली. माणूस गाडीतून उतरला की पहिल्यांदा काय लागते, मग काय, त्या क्रमाने. पाणी, चहाचे भांडे, स्टो, तांदूळ, पातेली. बिछाना सगळ्यात शेवटी. मग जीपच्या मागे उभी राहिली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बोटाच्या टोकाला गेरूने रेघ मारली. "खण इथपर्यंतच. हात पोचला पाह्यजे. वाकून गाडीत घुसाचं नाई." त्या मापाने मी सांगाडा फिरवला. मागचा मोठा खण तिचा, स्वयंपाकाचा. त्याचे झाकण असे की उलटे घातले की पोळपाट व्हावे.

आणखी एक लहान खण तिने सांगितला होता, मागच्या फळीला लागून, आगपेटीसाठी. "अंधारात हात घातला का आगपेटी भेटली पाह्यजे. तो मी आल्यावर करजा. माह्या हाताच्या मापानं." आणि ती धान कापायला माहेरी गेली.

मी परतलो तेव्हा मोठ्या खणाच्या बाजू कापून पडल्या होत्या. तळ आणि झाकण कापून त्या जोडायच्या होत्या. कृष्णरावांचे पाहुणे तेरवीच्या आधीच यायचे होते.

मी करवत काढायला घरी गेलो तर हत्यारांचे पोते जागेवर नव्हते. गोमाजीदादा, माझा मोठा भाऊ, शेजारच्याच घरात राहतो. तो दारातच बसला होता.

"हत्यारं माह्याकडं आहेत, गॅरेजातली पटाशीबी," तो म्हणाला. "तेरवी झाली का देतो."

"मले आज पाह्यजे."

"आपल्या घरात सुतकात हत्याराले हात लागत नाई, धनी. बाबा गेले तवा मी लावला का?"

"बाबाचं काम झालं होतं दादा. रत्नाचं अर्धं आहे."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकायले थोडीच जीपमंदी बसाचं आहे."

तो उठून आत गेला आणि आतून कडी लावली.

मी गॅरेजला आलो. इश्वरकडे लोखंड कापायची करवत होती. ती मागितली.

"धनीभाऊ, हे लाकडाले लावशीन त लाकूड फाटन."

"फाटू दे."

"आन् तुह्या भावानं मले इचारलं त?"

"सांग, लोखंड कापून राहिला."

इश्वरने करवत दिली. नंतर काही न विचारता कानशीही आणून ठेवली. मी जीपचा पाना हातोडी म्हणून वापरला. खिळे नव्हते म्हणून नटबोल्ट बसवले. कडा खरखरीत आल्या. फुटक्या बाटलीच्या काचेने त्या खरवडल्या. असे ओबडधोबड काम मी शिकाऊ असतानाही केले नव्हते. पण काटकोन बरोबर होता आणि खण तिच्या रेघेपर्यंतच होता.

मी घरी सापडत नाही म्हणून भेटायला येणारे गॅरेजला येऊ लागले. सुंदरबाई, आमच्या आळीतली म्हातारी, टायरवर बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई गेली आन् हा ठोकून राहिला! दगड आहे का मानूस?"

"बसा काकू," मी म्हणालो. "टायर साफ आहे."

तिच्यासोबतची बाई म्हणाली, "यायले रडूबी नाई येत का?"

येत होते. पण त्यांच्यापुढे रडायचे नव्हते, आणि रडताना बोल्ट नीट बसत नाही. मी काम करत राहिलो. त्या बराच वेळ बसून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आल्या. त्यांनाही मी बसायला टायर दिला.

खण तयार झाला त्या दिवशी कृष्णराव आले. भला माणूस. आधी शेजारी बसले, रत्नाबद्दल दोन शब्द बोलले. मग म्हणाले, "धनीराम, मले वाटलं काम थांबलं असन. पाव्हन्यायले तार कराले निघालो होतो, पुढच्या महिन्यात या म्हनून."

"तार नका करू. झालं आहे."

त्यांनी फिरून पाहिले. खण उचलून ओढला, परत लोटला. आवडला ते दिसत होते. तरी हात मागे घेतला.

"एक सांगू का? हा सुतकात झाला. याच्यात दाने ठेवाले घरची तयार होनार नाई. आन् खरं सांगतो, मीबी नाई. पाव्हन्यायच्या तोंडात जाचं अन्न आहे. तू मागं बिछान्याचा खण लाव, पयल्यासारखा. बाकी सगळं राहू दे."

"मंग पाणी, तांदूळ कुठं?"

"समोर. जसं होतं."

"तसं असन त सगळंच काढतो."

"जीप माही आहे, धनीराम."

"जीप तुमची. मी पेट्या काढून राहिलो."

मी पाना घेतला आणि पहिल्या बोल्टला लावला. राग नव्हता, निदान कृष्णरावांवर नव्हता. पण तिची मांडणी मोडून माझी चुकीची मांडणी त्या जीपमध्ये फिरावी, हे मी होऊ देणार नव्हतो. त्यापेक्षा जीप रिकामी गेलेली बरी. बोल्ट निघाला. दुसऱ्याला पाना लावला. कृष्णराव म्हणाले, "अरे बाप्पा, आयकून त घे." मी ऐकले नाही. इश्वर दूर जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात लाखांदूरची गाडी आली. तिच्यातून देवकाबाई उतरल्या. माझ्या सासूबाई. तेरवीसाठी आल्या होत्या. डोक्यावर गाठोडे. घरी कुलूप असणार हे त्यांनी ओळखले असावे, कारण त्या सरळ गॅरेजकडे आल्या. मी पाना तसाच धरून उभा राहिलो.

"काय तोडून राहिले जवाई?"

 कृष्णरावांनीच सांगितले. सुतक, दाणे, पाहुणे, सगळे सांगितले. काही लपवले नाही. देवकाबाईंनी पूर्ण ऐकून घेतले.

"कोनता खण?"

मी दाखवला. त्यांनी ओढून पाहिला, आला नाही.

"उचला मामी. मंग ओढा."

त्यांनी उचलून ओढला. हात आत घातला. बोटे थेट मागच्या फळीला लागली, वाकावे लागले नाही. रत्नाची उंची त्यांच्यावरच गेली होती.

"लेकीनं सांगतलं होतं मले," त्या म्हणाल्या. "कापता कापता सांगे. म्हने, तुमचे जवाई जीपले बैल जुंपून राहिले होते."

इश्वरने तोंड फिरवले.

मग देवकाबाईंनी गाठोडे सोडले. त्यात तांदूळ होते, नव्या धानाचे. "हे तिनं कापलेलं धान. तेरवीसाठी कांडून आनलं." त्यांनी ओंजळ भरली आणि खणात टाकली. पुन्हा भरली, पुन्हा टाकली. कृष्णरावांकडे पाहून म्हणाल्या, "दाने माहे आहेत. तुमच्या पाव्हन्यायले चालत नसन त जंगलात पाखरायले टाका. पन खणात बसून जातीन."

 कृष्णरावांनी पुढे येऊन स्वतः खण आत लोटला. तो खाचेत बसला.

"बोल्ट लाव बाप्पा परत," ते मला म्हणाले. "सकाळी गाडी नेतो. घरच्यायले मी सांगीन."

मी बोल्ट लावला. देवकाबाई जीपच्या मागेच उभ्या होत्या. फळीवरचे लहान चौकोनी भोक त्यांना दिसले. ते कशाचे म्हणून विचारले. मी आगपेटीच्या खणाचे सांगितले. त्यांनी आपला हात पुढे केला.

"घ्या माप. सारखाच आहे."

सारखाच होता. तरी मी म्हणालो, "नाई मामी. तिनं म्हटलं होतं, मी आल्यावर."

त्यांनी हात मागे घेतला. 

तेरवीला गोमाजीदादा जेवायला बसला, पण माझ्याशी बोलला नाही. जाताना हत्यारांचे पोते दारात टाकून गेला. त्यानंतर मी अशा पेट्या आणखी काही जीपना केल्या, सगळ्या तिच्या मांडणीच्या. कोणी वजन समोर ठेव म्हटले तर मी काम घेत नाही.

कृष्णरावांची ती जीप अजून जंगलात जाते. आगपेटी ते शर्टाच्या खिशात ठेवतात. आगपेटीचा खण मी अजून केलेला नाही.